दुकानचोरी आणि नवाहो कायदा: माफी नव्हे, भरपाई

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतल्या मूलनिवासींच्या न्यायपद्धतीवर लेख आला. हा विषय मराठी वृत्तपत्रांत फारसा येत नाही, म्हणून लेखाचे मनापासून स्वागत. पण नवाहो लोकांविषयीच्या परिच्छेदाचा सूर असा आहे की, त्यांच्या मुलखात दुकानात चोरी करणाऱ्याला तुरुंग नाही, दंड नाही. चार नातेवाइकांसमोर बसवायचे, प्रार्थना करायची आणि सोडून द्यायचे. हे चित्र चुकीचे आहे. नवाहो कायदा चोराला सोडून देत नाही, त्याच्याकडून भरून घेतो, आणि ते पैशांच्या दंडापेक्षा बरेच जड जाते. जिथे चोर खरोखर सुटतो, तिथे तो नवाहो परंपरेमुळे सुटत नाही. वॉशिंग्टनमधल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या परंपरेचे हात बांधले आहेत, म्हणून सुटतो. हे नीट कळावे यासाठी दुकानात माल लपवण्यापासून निकालापर्यंत काय काय घडते ते क्रमाने लिहीत आहे.

नवाहो राष्ट्राचा प्रदेश ॲरिझोना, न्यू मेक्सिको आणि युटा या तीन राज्यांत पसरलेला आहे. क्षेत्रफळ सुमारे २७,००० चौरस मैल, राजधानी विंडो रॉक. एवढ्या मुलखात मोठी किराणा दुकाने हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. चिनली, ट्यूबा सिटी, केयेंटा अशा गावांत एखादे सुपरमार्केट असते, बाकी पेट्रोल पंपाला जोडलेली छोटी दुकाने. त्यामुळे आठवड्याच्या खरेदीसाठी लोक गाडी काढून सीमेबाहेरच्या गॅलप, फार्मिंग्टन, फ्लॅगस्टाफ, पेज या शहरांत जातात. चोरी या सगळ्याच ठिकाणी होते, पण कायदा सगळीकडे एक नाही.

म्हणून पोलिसासमोर पहिला प्रश्न येतो तो दुकान कोणत्या जमिनीवर उभे आहे याचा. संघराज्याच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारच्या, १९४८ च्या व्याख्येप्रमाणे 'इंडियन कंट्री'त, म्हणजे मूलनिवासींच्या मुलखात, तीन प्रकारच्या जमिनी मोडतात: जमातींसाठी ठरवून दिलेल्या राखीव प्रदेशाच्या हद्दीतली सगळी जमीन (तिथला एखादा तुकडा खासगी मालकीचा असला तरीही), संघराज्याच्या देखरेखीखालच्या मूलनिवासी वस्त्या, आणि व्यक्तींच्या नावे वाटून दिलेल्या पण अजून सरकारी विश्वस्ततेत असलेल्या जमिनी. चिनलीसारख्या ठिकाणी हे सोपे आहे. न्यू मेक्सिकोतल्या पूर्व भागात मात्र खासगी, राज्याची, संघराज्याची आणि नवाहोंची जमीन आलटून पालटून येते. त्या भागाला 'चेकरबोर्ड' असेच म्हणतात. तिथे एकाच रस्त्यावरच्या दोन दुकानांना दोन वेगळे कायदे लागू शकतात. चर्च रॉकजवळच्या एका खासगी जमिनीचा वाद वर्षानुवर्षे चालला. तो युरेनियम खाणीच्या परवान्यावरून होता, चोरीवरून नव्हे. अखेर २०१० मध्ये दहाव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे संघराज्याचा न्यायालयीन विभाग) अपील न्यायालयाने ती जमीन 'इंडियन कंट्री' नाही असे ठरवले. तेव्हापासून त्या भागात जमिनीचा सातबारा, म्हणजे तिकडचा मालकीचा दस्तऐवज, पाहिल्याशिवाय हद्दीविषयी कोणी छातीठोक बोलू शकत नाही. ट्यूबा सिटीला लागूनच मोएनकोपी हे होपी जमातीचे गाव आहे. चौक ओलांडला की नवाहो कायदा संपतो आणि होपी कायदा सुरू होतो.

दुसरा प्रश्न, पकडलेला माणूस कोण? रंग, आडनाव किंवा बोली यावरून हे ठरत नाही. मूलनिवासी वंश असणे आणि एखाद्या मान्यताप्राप्त जमातीने आपला मानणे, या दोन्ही गोष्टी लागतात. नवाहो माणसाकडे जनगणना क्रमांक आणि वंशाचा सरकारी दाखला असतो; पोलीस तोच विचारतो. दाखला खिशात नसेल तर नोंदणी कार्यालयाकडून खात्री करून घ्यावी लागते. सुट्टीच्या दिवशी हे सहज होत नाही. प्रकरण लांबते ते बहुधा इथेच.

उत्तर मिळाले की वाटा फुटतात. पकडलेला माणूस नवाहो असेल तर प्रकरण नवाहो न्यायालयात जाते. तो होपी, झुनी किंवा दुसऱ्या कोणत्या जमातीचा असेल तरी नवाहो न्यायालयातच जाते. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ड्युरो खटल्यात दुसऱ्या जमातीच्या माणसावर खटला चालवण्याचा अधिकार काढून घेतला होता. काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, लगेच कायदा करून तो परत दिला आणि २००४ च्या लारा खटल्यात न्यायालयाने तो कायदा मान्य केला. ओग्लाला सू जमातीचे प्रसिद्ध कार्यकर्ते रसेल मीन्स यांनी नवाहो न्यायालय आपल्यावर खटला चालवू शकत नाही असा दावा केला होता. १९९९ मध्ये नवाहो सर्वोच्च न्यायालयात आणि २००५ मध्ये नवव्या सर्किटमध्ये ते हरले. नवाहो न्यायालयाचा तर्क वाचण्यासारखा आहे: मीन्स नवाहो घरात लग्न करून राहिले होते, ते जावई होते, जो नाते जोडून आत येतो तो त्या नात्याच्या जबाबदाऱ्याही पत्करतो.

आता तिसरी वाट. पकडलेला माणूस कोणत्याच जमातीचा नसेल, तर नवाहो न्यायालयाला त्याच्यावर फौजदारी खटला चालवताच येत नाही. १९७८ च्या ओलिफंट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे ठरवले आणि आजही तेच लागू आहे. महिलांवरील अत्याचारविरोधी कायद्याने २०१३ आणि २०२२ मध्ये काही ठरावीक गुन्ह्यांपुरती ही भिंत थोडी पाडली, पण चोरी त्यात नाही. मग अशा चोरावर खटला कोण चालवणार? दुकान बिगर-मूलनिवासी मालकाचे असेल तर राज्य. हा नियम १८८१ च्या मॅकब्रॅटनी खटल्यापासूनचा. दुकान नवाहो माणसाचे असेल तर संघराज्य, आणि २०२२ च्या कास्त्रो-ह्युएर्ता निकालानंतर संघराज्याबरोबर राज्यही. म्हणजे पाच डॉलरच्या मालासाठीसुद्धा आधी दुकानाचा मालक कोण ते शोधायचे. मालक एखादी कंपनी असेल आणि तिचे भागधारक मिश्र असतील, तर वकिलांसाठीही उत्तर सोपे नसते.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. नवाहो पोलीस बाहेरच्या माणसाला हातही लावू शकत नाही, असे नाही. तो त्याला थांबवू शकतो, तात्पुरते ताब्यात ठेवू शकतो आणि काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शेरीफकडे (तिथल्या पोलीसप्रमुखाकडे) किंवा संघराज्याच्या अधिकाऱ्याकडे सोपवू शकतो. २०२१ च्या कूली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने हा अधिकार मान्य केला. अडचण अंतराची आहे. अपाची, नवाहो, कोकोनिनो, मॅकिन्ली, सॅन ह्वान या काउंट्या अवाढव्य आहेत. शेरीफचा माणूस येईपर्यंत नवाहो पोलिसाने दुकानाच्या दारात थांबायचे, आणि तेवढा वेळ त्याच्या वाट्याच्या शेकडो चौरस मैलांत दुसरे कोणीच नाही. पुढे जाऊन किरकोळ चोरीसाठी संघराज्याच्या वकिलाने शेकडो मैल लांबच्या न्यायालयात खटला उभा करावा, ही अपेक्षाही व्यवहारात फार टिकत नाही. बाहेरचा चोर सुटतो तो या फटीतून.

मालाची किंमतही महत्त्वाची आहे. १८८३ मध्ये क्रो डॉग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की लाकोटा जमातीच्या माणसाने लाकोटा माणसाचा केलेला खून हा संघराज्याचा विषय नाही. त्यावर काँग्रेसने दोनच वर्षांत, १८८५ मध्ये, 'मेजर क्राइम्स ॲक्ट' केला आणि सात गुन्हे आपल्याकडे ओढून घेतले. खून, बलात्कार, जाळपोळ यांच्या रांगेत साधी चोरीही होती! पुढे ही कलमे बदलत गेली. आज १,००० डॉलरपेक्षा जास्त किमतीची चोरी असेल तरच ती संघराज्याच्या दृष्टीने गंभीर गुन्हा ठरते, आणि तिला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याखालची चोरी नवाहोने नवाहोच्या दुकानात केली, तर ती पूर्णपणे नवाहो न्यायालयाची. त्याने बिगर-मूलनिवासी दुकानदाराचा माल उचलला, तर कागदावर संघराज्यालाही अधिकार आहे. पण जमातीच्या न्यायालयाने शिक्षा दिलेली असेल तर तो अधिकार वापरता येत नाही. राज्याला मात्र, चोर नवाहो आणि जागा राखीव प्रदेशातली असेल, तर काहीच करता येत नाही. लेखात 'ॲरिझोना पोलीस कारवाई करतात' असे मोघम लिहिले आहे, ते या प्रकारात चूक आहे.

आता प्रत्यक्ष नवाहो न्यायालयाकडे वळू. १८९२ पासून संघराज्याने नेमलेली इंडियन गुन्हे न्यायालये होती. १ एप्रिल १९५९ पासून नवाहोंची स्वतःची न्यायालये सुरू झाली आणि १९८५ मध्ये नवाहो सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. फौजदारी कायदा नवाहो संहितेच्या सतराव्या भागात आहे आणि चोरीचे गुन्हे त्यातच येतात. न्यायाधीशाला इंग्रजीबरोबर नवाहो भाषा यावीच लागते, आणि हा नियम शोभेचा नाही. २००४ च्या रॉड्रिग्ज खटल्यात नवाहो सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की आरोपीला त्याचे हक्क नुसते वाचून दाखवून, फॉर्मवर सही घेऊन भागणार नाही. पोलिसाने शांतपणे, आदराने, समजेल अशा भाषेत त्याच्याशी बोलले पाहिजे आणि त्याला खरोखर समजले याची खात्री करून घेतली पाहिजे. या वागण्याला नवाहो भाषेत 'हाझोओगो' म्हणतात. दुकानाच्या मागच्या खोलीत घाईघाईने घेतलेला कबुलीजबाब याच कसोटीवर गळून पडू शकतो. व्यवहारात चोरीची प्रकरणे कोलमडतात त्याचे हे एक कारण.

दुसरे कारण पुराव्याचे. पैसे न देता माल नेण्याचा हेतू सिद्ध करावा लागतो, नुसता माल सापडून चालत नाही. त्यामुळे दुकानाने तिथल्या तिथे काही गोष्टी करून ठेवायला हव्यात: वस्तूचा आणि किमतीच्या पट्टीचा फोटो काढणे, ती कुठे, कशात लपवली होती याची नोंद, शेवटचा गल्ला ओलांडला की नाही, पाहणाऱ्या कर्मचाऱ्याचे स्वतःच्या शब्दांतले टिपण, आणि कॅमेऱ्याचे चित्रण पुसले जाण्याआधी काढून ठेवणे. यात एक खास तिथलीच खोच आहे. उन्हाळ्यात नवाहो राष्ट्र घड्याळ एक तास पुढे करते; उरलेले ॲरिझोना करत नाही, होपीही करत नाहीत. दुकानाच्या कॅमेऱ्याचे घड्याळ ॲरिझोनाची राजधानी फिनिक्सच्या वेळेवर लावलेले असेल तर पोलिसाच्या अहवालात आणि चित्रणात एका तासाचा फरक पडतो, आणि बचाव पक्षाला आयता मुद्दा मिळतो. तसेच मालाचा गल्ल्यावरचा हिशेब त्याच दिवशी छापून घ्यावा. किंमत १,००० डॉलरच्या अलीकडे की पलीकडे, हे नंतर अंदाजाने सांगता येत नाही.

तक्रार नवाहो सरकारी वकिलाकडे जाते. आरोप वाचून दाखवले जातात, आरोपी कबूल किंवा नाकबूल म्हणतो. कैद होऊ शकणाऱ्या गुन्ह्यात मागणी केल्यास किमान सहा जणांची ज्युरी बसते. वकील म्हणून कायद्याची पदवी नसलेले, पण नवाहो बारची परीक्षा दिलेले 'ॲडव्होकेट'ही उभे राहू शकतात. शिक्षेची कमाल मर्यादा संघराज्याने बांधून दिली आहे. १९६८ च्या 'इंडियन सिव्हिल राइट्स ॲक्ट'मध्ये ती सहा महिने कैद आणि ५०० डॉलर दंड होती. १९८६ मध्ये एक वर्ष आणि ५,००० डॉलर झाली. २०१० च्या कायद्याने, सरकारी खर्चाने वकील आणि इतर अटी पाळल्या तर, तीन वर्षे आणि १५,००० डॉलरपर्यंत जाता येते. निकालावर अपील विंडो रॉकच्या सर्वोच्च न्यायालयात. त्यापुढे संघराज्याच्या न्यायालयात अपील नाही. कैदेत असलेल्याला फक्त आपली कैद बेकायदा आहे एवढाच अर्ज तिथे करता येतो.

आता लेखातल्या त्या 'माफी'बद्दल, कारण माझी मुख्य तक्रार तिच्याविषयी आहे. जानेवारी २००० मध्ये नवाहो कौन्सिलने, म्हणजे त्यांच्या विधिमंडळाने, सतरावा भाग बदलला, ७९ गुन्ह्यांसाठीची कैद आणि दंड काढून टाकले आणि त्यांच्या जागी पीडिताचे हक्क, समेट आणि 'नाल्येह' यांना पुढे आणले. नाल्येह म्हणजे पीडिताच्या मनात काही सलत राहणार नाही एवढी भरपाई. दंड सरकारी तिजोरीत जातो, नाल्येह ज्याचे नुकसान झाले त्याच्या हातात पडते. तिचा दर कुठे छापलेला नसतो. पूर्वी ती मेंढ्या, घोडे, चांदी-नीलमण्याचे दागिने यांच्या रूपात दिली जाई. आज पैसे, काम, माल, जाहीर माफी किंवा यांचे मिश्रण असते. आणि ती एकट्या चोराने द्यायची नसते. त्याचे कुळ त्यात ओढले जाते, आपल्या माणसाने केलेल्या नुकसानाचा भार उचलते, आणि मग त्या माणसावर लक्षही ठेवते. वाईट वागणाऱ्याबद्दल नवाहो लोक म्हणतात की तो नातेवाईक नसल्यासारखा वागतो. इथे नातेवाइकांना समोर आणून बसवायचे हे त्यामुळेच.

ज्या बैठकीत हे ठरते तिची पुनर्रचना १९८२ मध्ये नवाहो न्यायाधीशांनीच केली. न्यायालय किंवा सरकारी वकील प्रकरण तिकडे पाठवतो, किंवा दोन्ही पक्ष स्वतः जातात. बैठक चालवणाऱ्याला 'नाताआनी' म्हणतात. तो तटस्थ परका पंच नसतो. गावात मान असलेला, बहुधा दोन्ही बाजूंना ओळखणारा माणूस असतो आणि आपले मत स्पष्ट बोलून दाखवतो. प्रार्थनेने सुरुवात होते. मग सगळे एकमेकांना आपली कुळे सांगतात: आईचे कुळ, वडिलांचे कुळ, दोन्ही आजोबांची कुळे. त्यातून पुष्कळदा चोर आणि दुकानात काम करणारी बाई यांचेच नाते निघते आणि बोलण्याची तऱ्हा बदलते. मग ज्याचे नुकसान झाले तो बोलतो, काय गेले आणि मनाला काय लागले तेही. चोराला बोलावे लागते. 'मी प्यायलेलो होतो', 'एवढीशी तर वस्तू होती', 'कंपनीला काय फरक पडतो' या सबबी नातेवाईकच खोडून काढतात. परक्या वकिलापुढे टिकणारी सबब आत्यापुढे टिकत नाही. नाताआनी परंपरेतली उदाहरणे देऊन समजावतो, मग काय आणि कधी द्यायचे यावर एकमत होते. ते लिहून सह्या होतात, आणि प्रकरण न्यायालयाने पाठवलेले असेल तर करार न्यायालयापुढे ठेवला जातो. न्यायालयाने तो आपला आदेश म्हणून नोंदवला की मोडणाऱ्याला परत न्यायाधीशापुढे उभे राहावे लागते. याला माफी म्हणणे अन्याय आहे.

ही कल्पना परक्यांनीही एकेकाळी मान्य केली होती. १ जून १८६८ च्या तहात, ज्याने नवाहोंना बॉस्के रेडोंडोच्या बंदिवासातून मायभूमीवर परतता आले, पहिल्याच कलमात लिहिले आहे: नवाहोंमधल्या वाईट माणसांनी कोणाचे नुकसान केले तर जमात त्यांना सरकारच्या हवाली करील, आणि न केल्यास पीडिताची भरपाई जमातीला मिळणाऱ्या वार्षिक रकमेतून होईल. गोऱ्या वाईट माणसांनी नवाहोंचे नुकसान केले तर अमेरिका त्यांना अटक करून शिक्षा देईल आणि पीडिताला भरून देईल. एका बाजूला चोर सोपवणे, दुसऱ्या बाजूला भरपाई, आणि दोन्ही दिशांना सारखे. ओलिफंटनंतर दुसरी दिशा बंद पडल्यासारखी आहे, याची खंत नवाहो राष्ट्रात अजून बोलली जाते आणि ती रास्त आहे.

बैठकीची पद्धत जिथे अडखळते ते ठिकाण म्हणजे कंपनीचे दुकान. पूर्वी ट्रेडिंग पोस्ट, म्हणजे गावचे देवघेवीचे दुकान, चालवणारा माणूस सगळ्यांना नावाने ओळखत असे. गनाडोचे हबेल ट्रेडिंग पोस्ट १८७८ पासून तसेच चालले. आजच्या सुपरमार्केटचे मुख्य कार्यालय दुसऱ्या शहरात असते. बैठकीला यायचे कोणी? व्यवस्थापकाला सही करण्याचा अधिकार नसतो, वकिलाला बैठकीचे रीतिरिवाज माहीत नसतात, आणि कुळ सांगायची वेळ आली की कंपनीकडे सांगायला काही नसते. शिवाय उचललेला माल बहुधा जागेवरच परत मिळालेला असतो, मग भरपाई कशाची, असा प्रश्न येतो. माझ्या मते उत्तर एकच: ज्या कर्मचाऱ्याने चोराला अडवले, ज्याला शिव्या खाव्या लागल्या, त्याने बैठकीत पीडित म्हणून बसावे. तो बहुधा नवाहोच असतो. त्याचा त्रास हे खरे नुकसान असते आणि त्यावरची भरपाई अर्थपूर्ण होते. नाल्येह कंपन्यांच्या प्रकरणांत लागूच होत नाही, असेही नाही. १९९९ च्या पीबॉडी कोळसा कंपनीच्या खटल्यात नवाहो सर्वोच्च न्यायालयाने याच तत्त्वाची चर्चा केली आहे.

आणखी एक चूक वारंवार होते. ॲरिझोनाच्या कायद्याप्रमाणे दुकानदार चोराकडून दिवाणी भरपाई मागू शकतो, आणि तशी पत्रे सर्रास पाठवली जातात. ती राखीव प्रदेशात घडलेल्या प्रकारासाठी नवाहो कुटुंबाच्या घरी आली की लोक घाबरून पैसे भरतात, आणि इकडे बैठकीत नाल्येह वेगळी ठरलेली असते. म्हणजे दोनदा भुर्दंड. गनाडोच्याच एका बिगर-नवाहो दुकानदाराने उधारीवर दिलेल्या मालाच्या पैशांसाठी नवाहो दांपत्यावर ॲरिझोना न्यायालयात दावा लावला होता. १९५९ मध्ये विल्यम्स विरुद्ध ली या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला: राखीव प्रदेशात घडलेल्या व्यवहारासाठी नवाहोंवर दावा लावायचा तर नवाहो न्यायालयातच. कोणी राज्याच्या न्यायालयाची धमकी देत असेल तर या निकालाचा दाखला पुढे करता येतो. बैठकीतल्या करारात 'या प्रसंगाबद्दल अन्य कोणतीही रक्कम देणे नाही' असे एक वाक्य घालून घेतले की प्रश्न मिटतो, फक्त त्यावर दुकानाच्या अधिकृत माणसाची सही हवी.

बिगर-मूलनिवासी चोरावर खटला चालत नसला तरी एक उपाय राष्ट्राच्या हातात उरतो: त्याला प्रदेशाबाहेर काढणे. १८६८ च्या तहातूनच हा अधिकार येतो, आणि सतराव्या भागात त्याची रीत दिली आहे: नोटीस, सुनावणी, मग आदेश. पण तो मनमानीने वापरता येत नाही. १९६८ मध्ये कौन्सिलच्या समितीने कायदेविषयक मदत संस्थेच्या संचालकाला एका बैठकीत हसल्याबद्दल हद्दपार केले. १९६९ मध्ये डॉज विरुद्ध नाकाई खटल्यात संघराज्याच्या न्यायालयाने तो आदेश रद्द केला. वारंवार चोरी करणाऱ्या बाहेरच्या माणसाबाबत सुनावणीची नोंद नीट ठेवली तरच असा आदेश टिकेल.

गॅलपमध्ये चोरी झाली तर सगळेच वेगळे. तिथे न्यू मेक्सिकोचा कायदा लागतो आणि चोर नवाहो आहे याने काही फरक पडत नाही. २५० डॉलरपर्यंतची दुकानचोरी हा किरकोळ गुन्हा, ५०० च्या वर गेली की गंभीर. माल मुद्दाम लपवला एवढ्यावरूनच चोरीचा हेतू गृहीत धरता येतो. ॲरिझोनात, म्हणजे फ्लॅगस्टाफ किंवा पेजमध्ये, गंभीर गुन्ह्याची रेषा १,००० डॉलरला आहे. पण चोर गाडीत बसून नवाहो हद्दीत परतला, तर राज्याचा पोलीस मागे जाऊन त्याला उचलू शकत नाही. फार्मिंग्टनच्या पोलिसांनी एका नवाहो माणसाचा पाठलाग करून त्याला हद्दीच्या आत पकडले होते. १९७६ मध्ये न्यू मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने बेनाली विरुद्ध मार्कम खटल्यात ती अटक बेकायदा ठरवली. नवाहो कायद्यात आरोपीला राज्याच्या हवाली करण्याची रीत आहे आणि तीच पाळावी लागते: राज्याचे वॉरंट, नवाहो न्यायालयापुढे सुनावणी, मग हस्तांतर. त्याआधी, १९६९ मध्ये, नवव्या सर्किटने टर्टल खटल्यात हेच तत्त्व मानले होते. व्यवहारात पुष्कळ प्रकरणांत राज्य एवढे करत नाही, वॉरंट तसेच पडून राहते, आणि सहा महिन्यांनी तोच माणूस गॅलपमध्ये गाडीचा मागचा दिवा बंद म्हणून अडवला गेला की अटक होते. ज्याच्या नावावर असे वॉरंट असेल त्याने वकिलामार्फत स्वतः हजर होणे केव्हाही बरे.

मुलांविषयी मात्र लेखात काहीच नाही, आणि दुकानातून खाऊ किंवा सौंदर्यप्रसाधने उचलणारे हात बरेचदा मुलांचेच असतात. १८ वर्षांखालचा मुलगा किंवा मुलगी असेल तर प्रकरण सहसा फौजदारी बाजूला जात नाही. २०११ च्या 'आल्चिनी बी बीहाझआनी' या बालकायद्याखाली ते कुटुंब न्यायालयाकडे जाते. आईवडिलांना बोलावणे, त्यांच्यासमोरच मुलाशी बोलणे आणि कुळातल्या मोठ्यांना सामील करून घेणे यावर त्यात भर आहे. दुकानाने पोलिसांच्या आधी घरच्यांना फोन केला तर पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. मामा किंवा आजी येऊन मालाचे पैसे भरते, मुलाकडून माफी मागवते, आणि त्याला शनिवारी त्याच दुकानाच्या आवारात झाडू मारायला लावते. त्यासाठी न्यायालयाचा आदेश लागत नाही, पण दुकानाने तो दिवस आणि तो करार कागदावर लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन ठेवाव्यात. म्हणजे पुढे व्यवस्थापक बदलला तरी त्याच मुलावर तेच प्रकरण पुन्हा उकरले जात नाही.

आपला,
एक वाचक